ज्यू शाळा आहेत, ज्यू मुलं नाहीत. मग शिकायचं कुठे?

ठाण्यातल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, जोडप्याने विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आहे. मुलाला अकरावं लागतंय, शाळा नेहमीची इंग्रजी माध्यमाची. घरात शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागतो, किद्दूश म्हणजे द्राक्षरसावरचा आशीर्वाद होतो, पण हिब्रू कुणालाच धड वाचता येत नाही. मुंबईत सासून, कदूरी अशा नावांच्या ज्यू शाळा असताना मुलाला तिथे का घालू नये, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि दुसरा : ह्या मुलाच्या मुलांना शिकवायला इथे कुणी उरणार आहे का?

मी ठाणे-मुंबईच्या मुलांना हिब्रू वाचन, प्रार्थना आणि सणवार शिकवते. बार मित्स्वाची, म्हणजे मुलगा तेराव्या वर्षी तोरा वाचतो त्या विधीची, तयारी हा त्यातला मोठा भाग. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वाचायचे सूर मुलं हझानांकडे, म्हणजे सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) प्रार्थना चालवणाऱ्यांकडे, शिकतात, त्याआधीचं बहुतेक सगळं माझ्याकडे होतं. त्यामुळे मी बोलेन ते वर्गातून दिसतं तेवढं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. घराजवळ आहे, फी परवडते, शिक्षक बरे आहेत अशा कारणांसाठी त्या शाळेत घालायचं असेल तर जरूर घाला. धर्मशिक्षण मिळेल म्हणून घालू नका. भायखळ्याच्या मागेन दाविद सिनेगॉगच्या आवारात सासून कुटुंबाच्या नावाच्या दोन शाळा आहेत, जेकब सासून आणि ई. ई. ई. सासून. माझगावला सर एली कदूरी शाळा आहे. तिन्हींत आज मुख्यतः आसपासच्या वस्तीतली मुलं शिकतात आणि त्यांत बहुसंख्य मुसलमान आहेत. कोलकात्याची १८८१ सालची ज्यूइश गर्ल्स स्कूल अशीच. पाटीवर ज्यू नाव आणि वर्गात जवळपास सगळ्या मुसलमान मुली. पाहुणे येतात, फोटो काढतात आणि 'किती वाईट झालं' म्हणतात. मला त्यात वाईट काही दिसत नाही. मुलं निघून गेली, भिंती आणि ट्रस्ट राहिले, त्या भिंतींत शेजाऱ्यांची मुलं शिकली. इमारत कुलूप लावून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या किंग डेव्हिड प्राथमिक शाळेतही मुसलमान मुलं फार मोठ्या संख्येने आहेत. तिथे तर तीही हिब्रू गाणी म्हणत आली आहेत.

आपल्या शाळांत तसं होणार नाही, आणि व्हावं असा आग्रहही मी धरणार नाही. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. चार ज्यू मुलांसाठी हिब्रूचा तास वेळापत्रकात घाला, असं मुख्याध्यापकांना कुठल्या तोंडाने सांगणार? फार तर रविवारी एक वर्गखोली मागावी.

आता दुसरा प्रश्न. ह्यावर मला जरा लांबून यावं लागेल, कारण 'शाळा गेली म्हणजे शिक्षण गेलं' हे गृहीतच मला मान्य नाही.

आपल्या समाजाच्या इतिहासात शाळा हा फार छोटा तुकडा आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली ही आपली कथा. तेव्हापासून कितीतरी शतकं कोकणात शाळा नव्हती, सिनेगॉग नव्हतं, हातात पुस्तकही नव्हतं. शेमा ही प्रार्थना, सुंता, शनिवारचा घाणा बंद, खवले आणि पर असलेलीच मासळी, एवढ्यावर शनवार तेली म्हणवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी दिवस काढले. नव्याचा सण, दारफळनीचा सण, बिरड्याचा सण, अनाशी धाकाचा सण ही नावं ज्यांनी ठेवली त्यांना रोश हशाना किंवा योम किप्पूर हे शब्द ठाऊक नव्हते, पण कुठला सण कधी आणि त्या दिवशी चुलीवर काय, हे पक्कं ठाऊक होतं. शिकवणारी आई आणि आजी होती. मग कोचीनचा एक ज्यू, दावीद रहाबी, आला. इतिहासकार त्याला सहसा अठराव्या शतकात ठेवतात, समाजाची आठवण त्याला बरंच मागे नेते. बायकांपुढे त्याने मासळीची टोपली ठेवली आणि त्यांनी न खायची मासळी वेगळी काढली, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो : त्याने तीन घराण्यांतली माणसं निवडून त्यांना हिब्रू आणि विधी शिकवले. तेच पुढे काजी झाले, गावोगाव फिरून लग्नं लावू लागले, तंटे मिटवू लागले. त्याने शाळा बांधली नाही. माणसं तयार केली.

१७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं; मस्जिद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं असं आपले लोक सांगतात. मंदिर उभं राहिलं, पण त्यात प्रार्थना चालवायला आणि पोरांना शिकवायला माणसं कोचीनहून यावी लागली. १८२६ पासून कोचीनचे ज्यू शिक्षक मुंबई-कोकणात येऊ लागले. त्याच सुमारास मिशनरीही आले, आणि इथे इतिहासाने गंमत केली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. हेतू अर्थातच आपल्याला ख्रिस्ती करण्याचा. ख्रिस्ती झाले फार थोडे. पण जुना करार मराठीत आणि हिब्रूचं व्याकरण मराठीत, असं दोन्ही हातात आल्यावर आपल्या मुलांनी मुळाक्षरं घोटली ती घोटलीच.

त्यातून जी पिढी निघाली तिच्या कामावर आपण अजून जगतो आहोत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) भायखळ्याच्या दाविद सासून संस्थेच्या शाळेत दीर्घकाळ मुख्याध्यापक होते. हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं त्यांनी एकामागून एक केली. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हगादा (पेसाह म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली; तिच्यातल्या चित्रात मत्सा ही बिनआंबवलेली भाकरी लाटणाऱ्या बायका साडी नेसून बसल्या आहेत. वर्गात ते चित्र दाखवलं की मुली हमखास विचारतात, 'ह्या आपल्या इथल्या?' हो, आपल्या इथल्या. १८८० च्या सुमारास कीर्तन सुरू झालं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साक्या, दिंड्या, पदांत बांधून, झांजा वाजवून. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना अख्खी तोरा ह्या कीर्तनकारांनी ऐकवली.

आणि १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकरांनी भावांच्या मदतीने इस्राएली शाळा काढली. सुरुवात अगदी छोटी. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने पैशाची मदत केली, शाळेचं हायस्कूल झालं, पुढे मोठ्या देणगीमुळे सर एली कदूरींचं नाव लागलं. १९०५ च्या मॅट्रिकला पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन १९२२ ते १९५० तिथे मुख्याध्यापिका होत्या. त्या पंचवीस-तीस वर्षांत जी मुलं शिकली त्यांच्याशी मी बोलले आहे. मराठी कविता, गणित आणि हिब्रू प्रार्थना हे त्यांच्या डोक्यात एकाच दिवसाचे तीन तास होते. शनिवारी सुट्टी. सणाला सुट्टी मागायला अर्ज नाही. घरात जे चाललंय तेच शाळेत, हा आराम त्या मुलांना मिळाला. तुमच्या मुलाला तो मिळणार नाही, हे कबूल केलं पाहिजे. पण १८७५ पासून मोजलं तरी तो सगळा काळ एका शतकाच्या आतबाहेरचा आहे.

मग १९४८ नंतरचं जाणं. त्या वेळी देशात बेने इस्राएल वीस हजारांच्या घरात होते. आज भारतातले सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार धरतात, आणि इस्राएलमध्ये भारतीय वंशाचे सत्तर-ऐंशी हजार. तिकडे गेल्यावर काय झालं हेही शिक्षणाशी जोडलेलं आहे. १९६१-६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांवर शंका घेतली, आईच्या बाजूची पिढ्यांची चौकशी करा म्हटलं. आपले लोक उपोषणाला, धरण्याला बसले, आणि १९६४ मध्ये पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. त्या वादात आपल्याकडे नव्हता तो धर्मशास्त्र शिकलेला, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत वाद घालणारा माणूस. आपल्यात रब्बी तयार होण्याची रीतच नव्हती. हझान होते, गोड गळ्याचे, सगळं पाठ असलेले. शाळेनेही ती उणीव भरली नव्हती. शाळेचे गोडवे गाताना हे विसरू नये.

आज शिकवणं कुठे चालतं? मुख्यतः ठाण्यात, कारण महाराष्ट्रात सर्वांत जास्त ज्यू कुटुंबं आता इथेच आहेत आणि १८७९ च्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये शब्बाथची (शनिवारची) प्रार्थना नियमित होते. मुंबईत ओआरटी ही ज्यू व्यवसायशिक्षण संस्था १९६० च्या दशकात आली. मुलामुलींना हाताला काम शिकवता शिकवता तिने हिब्रू आणि सणही शिकवले, आणि मधली एक पिढी खरं तर तिनेच सांभाळली. जॉइंट ह्या अमेरिकी संस्थेच्या मदतीने समाजकेंद्र चालतं, शिबिरं होतात. शिबिरांबद्दल माझं मत मिश्र आहे. चार दिवस मुलं एकत्र राहतात, नाचतात, मैत्री होते, पुढे कधी लग्नंही जुळतात. वाचन मात्र जिथे होतं तिथेच राहतं. कुलाब्याच्या नरीमन हाउसमधलं छबाद ह्या सनातनी ज्यू चळवळीचं केंद्र २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर बंद होतं, ते २०१४ मध्ये पुन्हा उघडलं. तिथले रब्बी शिकलेले आहेत, शंका विचारायला उत्तम. पण आपला मलिदा त्यांच्या पुस्तकात नाही. एलियाहू हनाबी ह्या संदेष्ट्याचं नाव घेऊन गोड पोहे आणि फळांचं ताट समोर ठेवणारं मूल त्यांच्या रीतीत बसत नाही. ते शिकवायचं तर आपणच.

आणि ऑनलाइन. लॉकडाऊनमध्ये सुरू झालेले वर्ग अजून चालू आहेत, इस्राएलमधले आपलेच लोक तिकडून शिकवतात. आधुनिक हिब्रू बोलायला शिकायचं असेल तर हे फार चांगलं. प्रार्थना वाचायला शिकणाऱ्या नवख्या मुलाला पडद्यावर बसवू नका. बोट कुठल्या अक्षरावर आहे हे शिक्षकाला दिसावं लागतं. नाहीतर मूल ऐकून पाठ करतं आणि वाचल्याचं नाटक करतं. आठ-दहा वर्षांची मुलं ह्यात इतकी तरबेज असतात की आईबाप महिनोन्महिने फसतात. ओळखायची युक्ती सोपी आहे : पानाच्या मधल्या शब्दावर बोट ठेवा आणि तिथून वाच म्हणा.

ह्याच कारणाने देवनागरीत लिहिलेल्या हिब्रू प्रार्थनांचे कागद मी मुलांच्या हातात देत नाही. मोठ्यांनी वापरावेत, सिनेगॉगमध्ये पाहुणा आला तर त्याला द्यावेत. मुलाला एकदा तो कागद मिळाला की मूळ अक्षरं तो कधीच शिकत नाही. शिवाय देवनागरीत हिब्रूची खेत आणि खाफ ही अक्षरं दोन्ही 'ख' होतात, तेत आणि ताव दोन्ही 'त', आलेफ आणि आयिन दोन्ही 'अ'. उच्चारात फरक न करणारे पुष्कळ आहेत, पण लिहिताना चूक झाली की शब्द बदलतो. सहा महिने त्रास होतो. तो होऊ द्यावा. मी ह्यावर पालकांशी भांडते, आणि भांडत राहीन.

आपली अडचण पैशाची आहे असं लोकांना वाटतं. अमेरिकेत ती खरोखर पैशाची आहे. तिथे ज्यू शाळांची फी कित्येक ठिकाणी वर्षाला वीस हजार डॉलरच्या वर जाते आणि मध्यमवर्गीय आईबाप पोटाला चिमटा घेऊन भरतात. इस्राएलमध्ये धर्मशिक्षण सरकारी शाळेतच मिळतं, तिथे भांडण आहे ते कुठल्या प्रवाहात घालायचं ह्याचं. आणि तिथे गेलेल्या आपल्या नातवंडांना हिब्रू येतं, मराठी जातं. आमची अडचण ह्या दोन्हींपेक्षा वेगळी. एखादा पंचविशीतला मुलगा नीट शिकतो, सूर पक्के होतात, चार मुलांना शिकवू लागतो आणि मग इस्राएलला जातो. त्याला दोष देता येत नाही. जो ज्यू धर्म मनापासून शिकला त्याला तिकडे जावंसं वाटणारच. म्हणजे आमचं शिक्षण जितकं चांगलं, तितके आमचे शिक्षक लवकर जाणार. मणिपूर-मिझोरामच्या बनेई मेनाशे ह्या ज्यू समाजात तर शिक्षणाचा हेतूच जाणं हा आहे, त्यांना ह्याची खंत नाही. आम्हाला आहे, कारण आमच्यातले काही जण इथेच राहणार आहेत.

म्हणून मला विचाराल तर समाजाने तरुणांमागे धावणं सोडावं आणि पन्नाशीच्या माणसांना शिक्षक करावं. बँकेतून, रेल्वेतून, शाळेतून निवृत्त होत आलेले, ठाण्यात स्वतःचं घर असलेले, जायचं नाही असं ठरवून बसलेले. त्यांना दोन वर्षं नीट शिकवावं, परीक्षा घ्यावी आणि महिन्याला पगार द्यावा. मानधन, प्रवासखर्च, शाल-श्रीफळ नको, पगार. फुकट शिकवणाऱ्याला तास बुडवल्याबद्दल कोणी विचारू शकत नाही. सिनेगॉगच्या छपराच्या डागडुजीला परदेशातून देणग्या येतात, कारण छपराचा फोटो काढता येतो. ती वर्गणी अर्धी शिक्षकाच्या पगाराकडे वळवायची म्हटली तर समितीत पहिला प्रश्न येतो, पाटी कुठे लावायची?

आणि बायकांना शिक्षक करावं, उघडपणे, पदाने. हझानाचं काम पुरुषांचं, ते राहू दे. अक्षरं, आशीर्वाद, सणांची कारणं, तोरेतल्या गोष्टी हे शिकवायला मिन्यान, म्हणजे दहा पुरुषांचा जमाव, लागत नाही. आपल्याकडे हे काम बायकाच करत आल्या, फक्त त्याची नोंद कुठे नाही. बायकांची कीर्तनंही अगदी अलीकडच्या काळात पुन्हा ऐकू येऊ लागली आहेत. मुलं गोष्ट तिथे जितकी लक्ष देऊन ऐकतात तितकी माझ्या वर्गात ऐकत नाहीत.

अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल ह्यांचं वेगळं आहे. रेवदंड्याचं बेथ एल १८४२ चं, अलिबागचं मागेन आबोथ १८४८ चं, पनवेलचं बेथ एल १८४९ चं, पेणचं १८६३ चं. तिथे आता दहा पुरुष जमवणंच कठीण, वर्गाचं काय बोलावं. तिथे आठवड्याचा शिक्षक ठेवण्यात अर्थ नाही. सुट्टीत ठाण्याची मुलं तिकडे न्यावीत, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या खडकावर मलिदा करावा, एक शब्बाथ तिथेच राहून प्रार्थना करावी. मुलांचं आडनाव जिथून आलं ते गाव त्यांनी एकदा पाहिलेलं असावं.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर : तीस वर्षांनी ठाण्यात शिकवणारं कोणीतरी असेल, दोन-तीन माणसं, बहुधा बायका, बहुधा वयस्क. ज्यू शाळा पुन्हा उभी राहणार नाही. पुण्याचं मी कमी खात्रीने सांगते; लाल देवळाला, म्हणजे तिथल्या ओहेल दाविद सिनेगॉगला, पर्यटक पुष्कळ येतात, शिकणारी मुलं थोडी.

आता मुलाचं. अकरावं म्हणजे वेळ हातात आहे, पण फार नाही. आठवड्यातून दोनदा तासभर समोर बसून शिकला तर वाचन बसायला आठ-नऊ महिने, त्यापुढे परशा (तोरेचा त्या आठवड्याचा भाग) आणि हाफ्तारा (संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला भाग) ह्यांच्या सुरांना तितकाच वेळ. एकदाच दोन तास बसवू नका, दुसरा तास वाया जातो. घरी रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन, आणि त्या वेळी तुमच्यापैकी एकाने शेजारी बसून तीच अक्षरं शिकावी. आईबाप शिकत असले की मुलाचा वेग वाढतो, हे मी दर वेळी पाहते. शुक्रवारचा किद्दूश तेराव्या वर्षाची वाट न बघता आत्तापासून अर्धा त्याला म्हणू द्या.

शाळेत जूनमध्येच वर्षाच्या सणांच्या तारखा लेखी द्या. दारफळनी, म्हणजे योम किप्पूर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चाचणीच्या आठवड्यात येते, पेसाह मार्च-एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेच्या आगेमागे. आदल्या दिवशी सुट्टी मागितली की शिक्षक वैतागतात, जूनमध्ये दिलेल्या पत्रावर सहसा अडत नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, त्या निर्णयाची प्रत पत्राला जोडा. कित्येक शाळांना हे ठाऊकच नसतं. शनिवारची शाळा हा प्रत्येक घराचा निर्णय आहे. पाच दिवसांची शाळा मिळाली तर प्रश्न मिटतो. नाही मिळाली तर शनिवारी मुलगा शाळेत जातो म्हणून त्याला धर्मशिक्षणातून बाद समजू नका. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तशीच आहेत, आणि वर्ग म्हणूनच रविवारी असतो.

शिक्षकाकडे जाण्याआधी एक गोष्ट शोधून ठेवा, त्याच्या जन्माच्या वेळचं हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड. जन्मदाखल्यावर नुसती तारीख असते. जन्म सूर्यास्तानंतरचा असेल तर हिब्रू तारीख पुढच्या दिवसाची धरतात, आणि एका दिवसाच्या फरकाने कधी कधी त्याच्या वाट्याचा परशाच बदलतो. तो आधी ठरला म्हणजे कुठलं पान घोटायचं ते ठरलं.